काचेत पाणी दिसतंय का?

बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, कूलिंग टॉवर, म्हणजे कारखान्याची युटिलिटी सांभाळणाऱ्यांचे आणि या कामात येऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न या सदरात घेतो. या वेळची पत्रं नागपूर आणि भोवतालच्या एमआयडीसींमधली आहेत. पत्रलेखकांची नावं छापत नाही. त्यांना उद्या त्याच गेटमधून आत जायचं असतं. उत्तरं माझी, म्हणजे हिंगणा-बुटीबोरीच्या बॉयलर हाउसांत नोकरी काढलेल्या माणसाची आहेत. पटली नाहीत तर खुशाल भांडा.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. बुटीबोरीच्या एका फूड कंपनीतून युटिलिटी विभागात ट्रेनी म्हणून बोलावणं आलं आहे. घरी म्हणतात, "कोळसा टाकायला चालली का?" मैत्रिणी पुण्याला डिझाइनमध्ये लागल्या. युटिलिटीत दिवसभर करतात काय? मुलीने जावं का? आणि पुढे बीओई (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर) होता येतं का? (वानाडोंगरी)

उत्तर : बेटा, घरच्यांना आधी आपल्या शहराची आठवण करून दे. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तीही वाफेवरच. तेव्हापासून वाफेवर चूल पेटणारी घरं या गावात आहेत. नात्यात नीट शोधलंस तर एखादे फायरमन आजोबा तुमच्याकडेही निघतील.

राहिला कोळसा. लहान बॉयलरवर अजूनही माणूस फावड्याने भट्टीत इंधन टाकतो आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. तुझ्या कंपनीत मात्र बहुतेक स्क्रू फीडर किंवा बेल्ट असेल, आणि आपल्या भागात इंधन म्हणजे सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी यांच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या), नाहीतर भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तूस. पावसाळ्यात ब्रिकेट ओल्या आल्या की प्रेशर धरत नाही, प्रॉडक्शनवाले फोनवर फोन करतात, आणि स्टोअरवाला म्हणतो की माल तर कोरडाच उतरवला होता. हे भांडण तुला दर जुलैत बघायला मिळेल.

आता काम. शिफ्ट सातची असेल तर तू पावणेसातला बॉयलर हाउसात हवीस, आणि हॅन्डओव्हर खुर्चीत बसून घ्यायचा नाही. आधीच्या शिफ्टच्या माणसाला सोबत घेऊन एक फेरी मार. गेज ग्लासमधली (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतली) पातळी, प्रेशर गेज, बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड टँकचं पाणी किती गरम, चिमणीतून निघणाऱ्या गॅसचं तापमान, पाण्याचा कडकपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचं शेवटचं रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने धुणं) कधी झालं, मीठ किती पोती शिल्लक. मग कॉम्प्रेसरकडे जा, रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) ड्रेन उघडून पाणी काढ. चिलरचं सक्शन-डिस्चार्ज प्रेशर बघ. कूलिंग टॉवरच्या बेसिनमध्ये डोकाव. ही फेरी अर्ध्या तासाची आहे आणि ती झाल्याशिवाय सही करू नको. पहिले काही महिने तुला सगळे आवाज सारखेच वाटतील. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये पोहे खाता खाता तुझी मान आपसूक वळेल, कारण फीड पंपाचा आवाज बदललेला असेल. शेजारी बसलेल्या क्वालिटीच्या पोट्ट्यांना काहीही ऐकू आलेलं नसेल.

हे काम प्रॉडक्शनसारखं दिसत नाही. वाफ मिळाली तर कोणी तुझं नाव काढणार नाही, नाही मिळाली तर पाच मिनिटांत अख्ख्या कारखान्याला तुझा मोबाइल नंबर पाठ होईल. हे ज्याला सोसत नाही त्याने यात येऊ नये, मग तो मुलगा असो की मुलगी.

मुलीने जावं का, याला माझं उत्तर "जा" असं आहे, पण इंटरव्ह्यूत दोन गोष्टी स्पष्ट विचारून घे. बॉयलर हाउसच्या जवळ महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, की ते ॲडमिन बिल्डिंगमध्ये, दहा मिनिटांच्या चालीवर आहे? आणि शेवटच्या शिफ्टची बस वर्धा रोडवरच सोडते की वानाडोंगरीपर्यंत आणते? एचआरचा माणूस यावर चाचरला तर समज की आजवर या विभागात कोणी मुलगी घेतलीच नाही. तरी घे नोकरी, पण या दोन गोष्टी लेखी घे. व्हॉल्व्ह फिरवायला ताकद लागते वगैरे जे सांगतात ते फोकनाड आहे. जो व्हॉल्व्ह फिरवायला दोन माणसं लटकावी लागतात, त्या व्हॉल्व्हला ग्लँड-पॅकिंग आणि ग्रीसची गरज असते.

बीओई होता येतं. 2011 चे त्याचे वेगळे नियम आहेत. पदविका किंवा पदवी, बॉयलरवरचा ठरावीक अनुभव, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. आपल्या राज्यात हे बाष्पके संचालनालयाकडे येतं. अनुभवाच्या दाखल्यावर बॉयलरचा नंबर, क्षमता, तुझ्या कामाच्या तारखा नीट आल्या पाहिजेत, म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची एक वही ठेव. तोंडी परीक्षेत पुस्तकी पोरं कुठे अडतात सांगू? "तुमच्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह किती, आणि ते किती प्रेशरला उठतात?" इथे. स्वतःच्या बॉयलरची नेमप्लेट वाचून जा.

पुढे कधी वीजकेंद्रात जायचं मनात आलं तर ते जग निराळं आहे. खापरखेड्याला 210 आणि 500 मेगावॉटचे ड्रमवाले (पाणी आणि वाफ वेगळी करणारं भांडं असलेले) बॉयलर आहेत. कोराडीच्या 660 मेगावॉटच्या तीन युनिटना मात्र ड्रमच नाही. तिथे दाब 221 बारच्या वर, म्हणजे पाण्याच्या क्रांतिक बिंदूच्या पलीकडे असतो; पाणी उकळत नाही, बुडबुडा येत नाही, पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. त्यामुळे गेज ग्लासही नाही. तिथल्या डेस्क इंजिनिअरचं काम सगळं स्क्रीनवर. पण मी सांगेन, आधी काचेत पाणी बघायला शिक, मग स्क्रीन वाचायला जा.

पगार सुरुवातीला पुण्याच्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल. बीओई झाल्यावर परत पत्र लिही.

प्रश्न : भाऊ, मी कळमेश्वरकडे एका युनिटमध्ये सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट आहे. आमच्या बॉयलरची गेज ग्लास धुरकट झाली, रात्री तर पाणी दिसतच नाही. पॅनेलवर लेव्हल नॉर्मल दाखवते. इन्चार्ज म्हणतात, "पॅनेल पाहा ना जी, काच काऊन पाहता?" आणि नाइटला लॉगशीट दोन वाजताच सकाळपर्यंतची भरून ठेवायला सांगतात, म्हणजे सकाळी घाई होत नाही. मी काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

आधी पॅनेलचं बोलू. पॅनेलला पातळी कोण सांगतं? बाजूच्या चेंबरमधला फ्लोट किंवा इलेक्ट्रोड. त्या चेंबरमध्ये गाळ बसला की फ्लोट जिथे आहे तिथेच अडकतो. बॉयलरमधलं पाणी खाली जात राहतं आणि पॅनेल रात्रभर नॉर्मल दाखवत राहतं. हिरवा दिवा लागलेला असतो, अलार्म वाजत नाही, बॉयलर आपोआप बंद (ट्रिप) होत नाही. म्हणून तो चेंबर रोज ब्लोडाउन करायचा (पाणी सोडून गाळ काढायचा) असतो आणि अलार्म खरोखर वाजतो का, त्यानंतर फायरिंग खरोखर तुटतं का, हे कानाने आणि डोळ्याने बघायचं असतं. बॉयलरला दोन गेज ग्लास दिलेल्या असतात त्या याचसाठी. तुमच्या दुसऱ्या काचेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. ती बंद करून ठेवली आहे, असं मी गृहीत धरतो. अशा जागी ती बंदच असते.

आता काच. दर शिफ्टला ती फुंकायची, म्हणजे तिच्यातून वाफ आणि पाणी सोडून वाटा मोकळ्या आहेत का ते बघायचं. ड्रेन कॉक उघडा. पाण्याचा कॉक बंद करा: फक्त वाफ जोरात आली पाहिजे. पाण्याचा उघडा, वाफेचा बंद करा: फक्त पाणी जोरात आलं पाहिजे. मग वाफेचा कॉक उघडा, ड्रेन बंद करा, आणि पाणी वर कसं येतं ते बघा. झटकन येऊन हलायला लागलं तर ठीक. हळूहळू, सरपटत चढलं तर पाण्याच्या वाटेत कचरा आहे. तोंड काचेसमोर धरू नका, बाजूला उभे राहा, आणि काचेवरचं संरक्षक कव्हर काढून हे करू नका.

यातली एक गोष्ट नवीन पोरांना कोणी सांगत नाही. यातला एक कॉक चोक झाला की काच रिकामी दिसेल असं वाटतं, पण ती भरलेली दिसते. वाफेची वाट बंद झाली तर काचेतली वाफ थंड होऊन पाणी होते, वरचा दाब पडतो आणि खालून पाणी वर ओढलं जातं. पाण्याची वाट बंद झाली तर वाफेचं पाणी काचेत साचत जातं आणि परत जायला रस्ता नसतो. दोन्ही वेळा काच भरली, माणूस खूश, आणि खाली बॉयलर कोरडा. खोटी काच नेहमी जास्तच पाणी दाखवते.

आणखी एक. साध्या नळीची काच पूर्ण भरलेली असली आणि पूर्ण रिकामी असली तरी लांबून सारखीच दिसते. म्हणून जुन्या बॉयलरवर काचेमागे तिरप्या रेघांची पट्टी असायची. पाण्यातून बघितलं की रेघा उलट्या दिशेला झुकतात. रिफ्लेक्स प्रकारची काच असेल तर पाणी काळं आणि वाफ चंदेरी दिसते. तुमची काच कोणती, ते मला ठाऊक नाही, पण धुरकट झालेली कोणतीही काच बदलायचीच असते. ती साफ करून वापरण्याची वस्तू नाही. आतून वाफेने आणि पाण्यातल्या अल्कलीने ती झिजलेली असते.

आणि एखाद्या रात्री काच फुंकूनही पाणी दिसलंच नाही, आणि ते शेवटचं कधी दिसलं होतं हे खात्रीने सांगता येत नसेल, तर? इंधन तोडा. भट्टीत हवा ढकलणारा एफडी पंखा बंद करा. फीड पंप सुरू करायचा नाही. हात शिवशिवतील, इन्चार्ज ओरडतील, तरी नाही. कोरड्या, लालबुंद नळ्यांवर पाणी पडलं की ते क्षणात वाफ होतं. एक किलो पाण्याची साध्या वातावरणाच्या दाबाला सुमारे 1,700 लिटर वाफ होते, हे तुम्ही परीक्षेला पाठ केलं असेल. ते याच क्षणासाठी होतं. शिवाय तापलेलं पोलाद एकदम आकसतं. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलायचा नाही, मेन स्टॉप व्हॉल्व्ह झटक्यात उघड-बंद करायचा नाही. माणसं बाहेर काढायची, बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा, आणि तपासणी झाल्याशिवाय परत पेटवायचा नाही. प्रॉडक्शन एक दिवस बुडेल. बुडू द्या.

लॉगशीट. दोन वाजता सहाचं रीडिंग लिहिता म्हणजे तुम्ही सहा वाजेपर्यंत जागचे हलणार नाही, हे कागदावर लिहून देता. हिंगण्याकडच्या एका कारखान्यात मला शीट बघायला बोलावलं होतं. फ्लू गॅसचं, म्हणजे चिमणीतल्या गॅसचं, तापमान रात्रभर 182, 182, 182. इंधन वाढलं म्हणून मालक हैराण होते. मी वर चढून बघितलं तर थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या काडीची) वायर तुटून लटकत होती, तिच्यावर कोळ्याचं जाळं धरलेलं. खरं तापमान हातातल्या मीटरने मोजलं तेव्हा साठेक अंशांनी जास्त निघालं. फ्लू गॅस 22 अंशांनी वाढला की बॉयलरची कार्यक्षमता साधारण 1 टक्का उतरते, म्हणजे तिथे जवळजवळ 3 टक्के इंधन चिमणीतून जात होतं आणि शीटवर सगळं आलबेल. बॉयलर रात्रभर इतका सरळ वागत नसतो. लोड बदलतो, ब्रिकेट बदलते, आकडा हलतोच. आठ तास एकच आकडा, एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात दिसला की माझी तर खात्री पटते की तिथे कोणी गेलेलं नाही.

इन्चार्जशी वाद घालत बसू नका. शेऱ्याच्या रकान्यात रोज लिहा: "गेज ग्लास नं. 1 अस्पष्ट, बदलणे आवश्यक." स्टोअरच्या इंडेंटची कॉपी ठेवा. रीडिंग ज्या वेळेचं आहे त्या वेळीच लिहा. एखादं हुकलं तर रकाना कोरा ठेवा, कोऱ्या रकान्याने नोकरी जात नाही. वार्षिक तपासणीला निरीक्षक येतात तेव्हा ते शीट चाळतात आणि काचेवर टॉर्च मारतात. त्या दिवशी रोजचा शेरा दिसला तर उत्तर इन्चार्जना द्यावं लागेल. आणि काही झालंच तर प्रमाणपत्र तुमच्या नावाचं आहे, इन्चार्जच्या नाही, हे घरी गेल्यावर एकदा शांतपणे आठवा.

काच बदलली की कळवा.

प्रश्न : मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह सकाळी उघडला की पाइप ठाण् ठाण् वाजतो. बॉयलर फुटेल का? (बुटीबोरी)

उत्तर : बॉयलर नाही, पण एखादा फ्लँज किंवा बेंड नक्की जाईल. रात्रभर थंड झालेल्या लाइनमध्ये पाणी साचलेलं असतं. तुम्ही व्हॉल्व्ह झर्रकन उघडता, वाफ ते पाणी गोळ्यासारखं ढकलत नेते आणि ते बेंडवर आपटतं. लाइनचे सगळे ड्रेन आधी उघडा, व्हॉल्व्ह जेमतेम फटीएवढा उघडून लाइन गरम होऊ द्या, ड्रेनमधून कोरडी वाफ आली की मग पूर्ण उघडा. तरीही वाजला तर स्टीम ट्रॅप (लाइनमधलं पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा) बंद पडलाय किंवा पाइपला झोळ पडलाय. घाईत काम करणारा पहिल्या शिफ्टचा माणूस कोण आहे तेही बघा.

प्रश्न : भाऊ, माझे मिस्टर वीजकेंद्रात ऑपरेशनला आहेत. नाइट आली की दिवसा झोप नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. चिडचिड करतात, लेकरांवर ओरडतात. डबा काय द्यावा, हेही कळत नाही. (खापरखेडा)

उत्तर : ताई, नाइट करून आलेल्या माणसाला घरात कोणी आजारी समजत नाही, हीच अडचण आहे. तो घरी दिसतो, म्हणून गॅसचा नंबर लावायला, बँकेत, शाळेच्या मीटिंगला त्यालाच पाठवतात. नाइटच्या आठवड्यात सकाळी नऊ ते दुपारी तीन त्यांना घरात नाहीतच असं समजा. बेल बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, खिडकीला जाड चादर. कूलरचा आवाज उलट चांगला, बाहेरचा कल्ला ऐकू येत नाही. येताना उन्हात गॉगल लावून या म्हणावं. डोळ्यांत लख्ख उजेड गेला की शरीर उठायची तयारी करतं.

डब्यात रात्री अकराला गोळाभात आणि वरून तेल-फोडणी नको, पहाटे तीनला डोळे मिटतात आणि नेमकी तीच वेळ वाईट असते. ज्वारीची भाकर, पातळ भाजी, ताक, थोडे फुटाणे. चहा रात्री एकच्या आत. सावजी मटण सुटीच्या दिवशी करा.

आणि एक त्यांनाच वाचून दाखवा: नाइटनंतर कोराडी रोडने मोटरसायकल दामटत येऊ नका. कंपनीची बस असेल तर बसने या. शिफ्टची फिरती सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे सरकणारी असली तर शरीराला सोपी जाते. उलटी असेल तर युनियनमध्ये हा विषय काढायला सांगा. लेकरांवर ओरडतात ते तेवढ्या आठवड्यापुरतं असेल तर झोप झाली की थांबेल. त्यानंतरही चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, शिफ्टवर ढकलू नका.

प्रश्न : सर, मी मिहानमधल्या एका प्लांटमध्ये ट्रेनी आहे. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना कूलिंग टॉवरमधून पाणी 29 ला येत होतं. आता जुलैत बाहेर 30 अंश आहे आणि पाणी 32. चिलर हाय प्रेशरवर येतोय. आमचे साहेब म्हणतात टॉवर खराब झाला, फिल (आतली पाणी पसरवणारी जाळी) बदला. पण पाऊस पडला आणि टॉवर खराब झाला, असं कसं?

उत्तर : टॉवर बहुधा ठणठणीत आहे. तुझ्या घरच्या कूलरला विचार. मे महिन्यात तोच कूलर दुपारी गोधडी घ्यायला लावतो आणि जुलैत नुसता दमट वारा फेकतो. आपण तेव्हा नवीन कूलर आणत नाही, बटण बंद करतो. टॉवर त्याच तत्त्वावर चालतो: थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि बाकीच्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त उडतं.

म्हणून टॉवरचा हिशेब बाहेरच्या साध्या तापमानाशी लावायचाच नाही, वेट बल्बशी लावायचा. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळ, हवेत फिरव, जो आकडा येईल तो वेट बल्ब. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या दुपारी तो 24-25 च्या आसपास असतो. जुलैत 30 अंशांच्या दमट हवेत 27-28 वर जातो. टॉवरमधून निघालेलं पाणी आणि वेट बल्ब यांतला फरक म्हणजे ॲप्रोच. मेमध्ये 29 उणे 25, म्हणजे 4. जुलैत 32 उणे 28, तेही 4. टॉवर दोन्ही वेळा सारखंच काम करतोय. हे दोन आकडे साहेबांसमोर ठेव, पण चारचौघांत नको.

ॲप्रोच 4 वरून 7 वर गेला असता तर मी म्हटलं असतं, वर चढ आणि नोझल बघ, फिलमध्ये शेवाळ आणि क्षार बसलेत का बघ, पंख्याची पाती आणि बेल्ट बघ. आता मात्र चिलरच्या कंडेन्सरकडे (टॉवरच्या पाण्याने गॅस थंड करणाऱ्या भागाकडे) जा. हाय प्रेशरचा मुक्काम बहुतेक तिथेच आहे. मेमध्ये पाणी थंड होतं म्हणून नळ्यांमधला क्षाराचा थर झाकला गेला, जुलैत तो उघडा पडला. आणि हा थर मेमध्येच बसलेला असतो, कारण तेव्हा पाणी सपाटून उडतं. दर 6 अंशांच्या थंडाव्याला फिरत्या पाण्याचा जवळजवळ 1 टक्का भाग हवेत जातो, क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात ब्लोडाउन (क्षार साचलेलं पाणी सोडून देणं) वाढवला होता का, हे लॉगशीटमध्ये बघ. पाणी वाचवायचं म्हणून तो बंद ठेवण्याची खोड आपल्याकडे सगळीकडे आहे. पाणी वाचवावंच. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रात वापरतात, ते वाचवणं खरं. ब्लोडाउन बंद ठेवून वाचलेलं पाणी पुढे कंडेन्सरच्या नळ्या घासण्यात आणि विजेच्या बिलात जातं.

प्रश्न : हिंगण्याला माझा फरसाण आणि मिठाईचा छोटा कारखाना आहे. नवीन बॉयलर घ्यायचाय. विक्रेता म्हणतो, हा पूर्ण ऑटोमॅटिक आहे, पीएलसी (आपोआप चालवणारा कंट्रोलर) आहे, अटेंडंट लागत नाही, कायद्यातही बसत नाही. एमआयडीसीचं पाणी महाग पडतं म्हणून बोअर वापरणार आहे. सॉफ्टनर लावला म्हणजे झालं ना?

उत्तर : मालक, दोन वेगळ्या गोष्टी एका दमात विचारल्यात.

कायद्यात न बसणारा बॉयलर असतो. पाण्याची क्षमता 25 लिटरपेक्षा कमी असेल तर तो या कायद्याच्या बाहेर राहतो. विक्रेत्याला क्षमता कोटेशनवर लिहून मागा, तोंडी नको. ताशी किती किलो वाफ हा आकडा नको, आत पाणी किती लिटर मावतं तो हवा. आणि कमी पाणी म्हणजे कमी धोका, एवढंच ऐकून परत येऊ नका. ज्याच्यात पाणीच थोडं, त्याचा पंप थांबला तर कॉइल जळायला वेळही थोडाच लागतो. तिथे माणसाने लक्ष द्यायला नको, असं म्हणणारा विक्रेता वॉरंटीत काय लिहितो ते बघा. "अयोग्य पाणी व हाताळणीमुळे झालेले नुकसान वगळून" हे वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडेल.

25 लिटरच्या वरचा असेल तर नोंदणी, तपासणी, प्रमाणपत्रधारक अटेंडंट, सगळं आलं. या देशात बॉयलरचा कायदा 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली तेव्हापासूनचा आहे. 1864 मध्ये बंगालने पहिला केला, 1923 मध्ये देशभराचा झाला, आणि आता 1 मे 2025 पासून नवा लागू आहे. नव्यात किरकोळ चुकांना दंडावर सोडलंय, पण जिवावर बेतणाऱ्या चुका अजून गुन्हाच आहेत. पीएलसी आहे म्हणून कायदा बदलत नाही.

पाण्याचं. सॉफ्टनर कडकपणा काढतो, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, विरघळलेले क्षार तेवढेच राहतात. तुमच्या बोअरचा टीडीएस 700 निघाला असं धरा. बॉयलरमधलं पाणी 3500 च्या वर जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर फेस येतो आणि वाफेसोबत खारं पाणी तुमच्या बुंदीच्या कढईकडे निघतं. मग 700 भागिले 2800 (3500 उणे 700), म्हणजे जेवढी वाफ बनवाल तिच्या चौथ्या हिश्शाएवढं उकळतं पाणी ब्लोडाउनमध्ये टाकावं लागेल. त्या पाण्यात इंधनाचे साधारण 5 टक्के जातात. टीडीएस 300 चं पाणी असेल तर हाच हिशेब 2 टक्क्यांवर येतो. ब्रिकेटचं महिन्याचं बिल काढा, त्याचे 3 टक्के काढा, आणि ते एमआयडीसीच्या पाण्याच्या जादा बिलाशेजारी ठेवा. कढईच्या जॅकेटमधून निघणारं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) सध्या गटारात जात असेल तर ते आधी फीड टँकला आणा. फीड पाणी 6 अंशांनी गरम झालं की 1 टक्का इंधन वाचतं, आणि ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, त्यामुळे बोअरचंही कमी लागेल.

बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या. टीडीएस, कडकपणा, अल्कलिनिटी आणि सिलिका, एवढं मागा. रिपोर्ट आणि कोटेशन दोन्ही पाठवा, ॲडव्हान्स त्यानंतर द्या.